शिकागोचा ‘बीन’ कसा बघावा

शिकागोला मुलांकडे आलेल्या मंडळींचा कार्यक्रम ठरलेला: 1893 साली विवेकानंद जिथे बोलले ते आर्ट इन्स्टिट्यूट बघायचं आणि शेजारच्या मिलेनियम पार्कात ‘बीन’समोर, म्हणजे घेवड्याच्या दाण्याच्या आकाराच्या, आरशासारख्या चकचकीत स्टीलच्या शिल्पासमोर, फोटो काढायचा. फोटो जरूर काढा, पण अर्ध्या तासाने. तोवर मोबाइल पर्समध्ये राहू द्या.

शिल्पाचं खरं नाव ‘क्लाउड गेट’. शिल्पकार अनिश कपूर, जन्म 1954 चा, मुंबईचा.

ऊन असेल तर सकाळी जा आणि मिशिगन अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूला उभे राहा. सूर्य पूर्वेच्या मिशिगन तळ्याकडून वर येतो, ऊन तुमच्या पाठीमागच्या इमारतींवर पडतं आणि ती उजळलेली रांग समोरच्या स्टीलमध्ये दिसते. ढगाळ दिवस मिळाला तर माझ्या मते त्याहून उत्तम. शिल्पाची वरची कड आभाळात मिसळून जाते आणि जवळपास 100 टनांची वस्तू नेमकी कुठे संपते ते कळेनासं होतं.

आता जवळ जा, पण सरळ चालत जाऊ नका, कडेकडेने तिरके जा. प्रत्येक पावलाला इमारती वाकतात, लांबतात. जवळ पोचलात की सांधा शोधा. 168 पत्रे वेल्ड करून, घासून हे अंग घडवलंय. मला अजून एकही सांधा सापडलेला नाही, आणि जोड दिसला असता तर नजर तिथेच अडकली असती, प्रतिबिंबात शिरलीच नसती.

मग शिल्पाच्या मधल्या कमानीखाली या. घाई इथे अजिबात नको. बाहेरचा पृष्ठभाग फुगीर, म्हणून तिथे तुम्ही सुलटे आणि लहान दिसता. आतलं छत खोलगट, जमिनीपासून सुमारे 8 मीटर उंच, आणि तिथे तुमची उलटीसुलटी कितीतरी रूपं दिसतात. घरच्या स्टीलच्या पळीच्या दोन्ही बाजूंत बघितलंत तर हाच फरक दिसेल. गर्दीत स्वतःला ओळखायचं तर भडक रंगाची ओढणी हलवा. ती छतावर चार-पाच ठिकाणी एकदम हलेल. मग एक पाऊल सरका: एखादं रूप ताणलं जाईल, एखादं नाहीसं होईल. पाहुणे विचारतात, “यात कोरलंय काय?” मी त्यांना ते एक पाऊल पुन्हा टाकायला लावते.

पूर्वेकडून बाहेर पडा, तिथे आभाळ जास्त मोकळं मिळतं. आता काढा फोटो.