ताई ची कोणी निर्माण केली? उगमकथा तपासायची रीत

ताई चीच्या वर्गाचं माहितीपत्रक, प्रात्यक्षिकाचं निवेदन किंवा मासिकातला लेख, काहीही लिहायला घ्या, उगमाच्या परिच्छेदाशी गाडी अडते. वूदांग पर्वतावरच्या झांग सानफेंग या ताओ साधूने पक्षी आणि साप यांची झुंज पाहून ही कला रचली, असं लिहायचं? की हनान प्रांतातल्या चेनजियागोउ गावच्या चेन वांगतिंगने १७व्या शतकात ती घडवली, असं? दोन्ही बाजूंचे लोक ठामपणे बोलतात आणि दोघांच्याही हातात काही ना काही कागद असतो. त्या कागदात नेमकं काय लिहिलंय, हे मात्र फार थोडे जण पाहतात.

पहिलं काम म्हणजे कथेचे तुकडे पाडणं. कोणत्याही उगमकथेत तीन वेगळे दावे असतात: तो माणूस खरोखर होऊन गेला, त्याला लढण्याची कला येत होती, आणि त्याची ती कला म्हणजेच आजची ताई ची. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. पहिल्या दाव्याचा पुरावा दाखवून तिसरा दावा पदरात टाकला जातो.

मग कागदावर चार रकाने आखा. घटना कोणत्या काळातली सांगितली आहे. ती पहिल्यांदा कधी लिहिली गेली. तिथले नेमके शब्द काय. आणि लिहिणारा कोण, त्याचा त्यात काय संबंध. बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको. इथे तीच सवय कामाला येते.

झांग सानफेंगची ओळ भरून पाहू. मिंग राजवटीचा अधिकृत इतिहास १७३९ मध्ये पूर्ण झाला. त्यात या साधूचं चरित्र आहे: मोठे कान, गोल डोळे, भाल्यासारखी ताठ दाढी, उन्हाळा असो की हिवाळा, अंगावर एकच कफनी आणि एकच इरलं. योंगल सम्राटाने (कारकीर्द १४०२–१४२४) त्याचा शोध घ्यायला माणसं पाठवली, हेही आहे. लढण्याच्या कलेबद्दल मात्र एक अक्षर नाही.

ती येते १६६९ मध्ये, ह्वांग त्सोंगशी या विद्वानाने वांग झेंगनान नावाच्या मल्लासाठी लिहिलेल्या समाधिलेखात. शाओलिनची ती 'बाह्य' आणि ही 'आंतरिक' पद्धत, असा भेद इथे मांडला आहे. आंतरिक पद्धतीचा मूळपुरुष म्हणून वूदांगच्या झांग सानफेंगचं नाव दिलं आहे: सोंग सम्राट ह्वीत्सोंगने त्याला बोलावलं, वाटेत स्वप्नात देवाने मुष्टियुद्ध शिकवलं आणि सकाळी त्याने एकट्याने शंभरावर दरोडेखोर मारले. ह्वीत्सोंगचा काळ १२व्या शतकाचा पहिला चतुर्थांश. म्हणजे घटना आणि पहिली नोंद यांत साडेपाचशे वर्षांचं अंतर. शिवाय समाधिलेखातला साधू सोंग काळातला आणि मिंग इतिहासात ज्याचा शोध चालला आहे तो जवळपास तीनशे वर्षांनंतरचा. साधू दीर्घायुषी होता असं म्हणून ही फट बुजवतात. तक्त्यात ती उघडीच ठेवा.

चौथ्या रकान्यात हे लिहा: ह्वांग त्सोंगशी मिंग राजवटीचे निष्ठावंत, बाहेरून येऊन चीनवर राज्य करू लागलेल्या मांचू सत्तेचे विरोधक. त्यामुळे 'बाहेरचं' विरुद्ध 'आतलं' या भेदात राजकीय सूचन आहे, असं काही अभ्यासक मानतात. हा अर्थ पटण्यासारखा आहे, पण तो अर्थच; समाधिलेखात तसं लिहिलेलं नाही. त्यांचा मुलगा ह्वांग बायजिया वांग झेंगनानकडे शिकला होता आणि त्याने या पद्धतीचे डाव लिहून ठेवले. ती यादी ताई चीच्या फॉर्मशी, म्हणजे ठरावीक क्रमाने करायच्या पवित्र्यांच्या मालिकेशी, जुळत नाही. म्हणजे तिसरा दावा इथेच लंगडा पडतो.

तो दावा लेखी दिसतो तो १९व्या शतकात, आणि तिथेही गंमत आहे. ली यीयू हा १९व्या शतकातला ताई ची गुरू वू यूश्यांग याचा भाचा आणि शिष्य. त्याच्या छोट्या प्रस्तावनेच्या १८६७ च्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रतीत ताई चीची सुरुवात सोंग काळच्या झांग सानफेंगपासून, असं आहे. १८८१ च्या प्रतीत त्याच जागी 'ताई ची कोणापासून सुरू झाली ते माहीत नाही' असं वाक्य आहे. कोणी प्रत दाखवली की ती कोणत्या सालची, हे आधी विचारा.

नावांचे सापळेही इथेच लागतात. समाधिलेखातल्या परंपरेत शान्शी प्रांतातला वांग त्सोंग येतो. ताई चीच्या प्रसिद्ध ग्रंथाचा लेखक म्हणून वांग त्सोंगयुए येतो, तो शेजारच्या, जवळजवळ त्याच उच्चाराच्या प्रांतातला. एकाची राजधानी शीआन, दुसऱ्याची ताइयुआन. या दोघांना एक करून अख्ख्या वंशावळी रचल्या गेल्या आहेत. समाधिलेखातलाच वनझोउचा चेन झोउथोंग आणि चेनजियागोउचे चेन यांचाही असाच गोंधळ होतो. नाव जुळलं की प्रांत आणि शतक तपासायचं. इंटरनेटवर शोधताना चिनी नावांच्या जुन्या (वेड-जाइल्स) आणि नव्या (पिनयिन) दोन्ही रोमन वर्णलेखनांत शोधा, नाहीतर निम्मं साहित्य हातीच लागत नाही.

आता चेन पक्ष. १९३०च्या दशकात तांग हाओ हे संशोधक स्वतः चेनजियागोउला गेले, कुटुंबाची वंशावळ पाहिली आणि चेन वांगतिंग हा जनक असा निष्कर्ष काढला. चीनमध्ये आज हेच मत अधिकृत मानलं जातं. पण वंशावळीत आहे काय? चेन वांगतिंगच्या नावाजवळ एक टीप आहे: शान्तोंगमध्ये नावाजलेला लढवय्या, चेन घराण्याच्या मुष्टी, तलवार आणि भाल्याच्या विद्येचा आरंभकर्ता. 'ताई ची' हा शब्द त्यात नाही. शिवाय टीप मूळ मजकुराबरोबरची की नंतर घातलेली, हा आक्षेप आहेच. त्याच घराण्यातल्या चेन शिन यांचं पुस्तक १९३३ मध्ये छापून आलं. त्यात श्रेय चेन वांगतिंगला नसून १४व्या शतकात गाव वसवणाऱ्या चेन बू या पूर्वजाला आहे. एकाच घरात दोन मूळपुरुष!

पवित्र्यांची तुलना हा चेन पक्षाचा सगळ्यात मजबूत पुरावा, आणि ती घरबसल्या करता येते. मिंग सेनापती छी जीग्वांग (१५२८–१५८८) यांच्या सैनिकी ग्रंथात मुष्टियुद्धाचे ३२ पवित्रे चित्रांसह आहेत. त्यातले २९ चेन घराण्याच्या फॉर्ममध्ये आढळतात, असं तांग हाओ आणि त्यांच्या मागून आलेल्या अभ्यासकांचं म्हणणं. तपासताना नुसती नावं लावू नका. 'एकेरी चाबूक' हे नाव दोन्हीकडे आहे, म्हणून देह एकसारखा असेलच असं नाही. चित्र समोर ठेवा आणि तीन गोष्टी पाहा: वजन कोणत्या पायावर, पुढचा हात कोणत्या उंचीवर, मागचा हात उघडा की मिटलेला. 'अंगरखा खोचणे' हा पवित्रा छींच्या यादीत पहिला आहे आणि चेन फॉर्ममध्येही अगदी सुरुवातीला येतो. तुलना तिथून सुरू करणं सोपं. जुळलं तरी सिद्ध एवढंच होतं की दोन्हींचा साठा एक आहे. छींनी स्वतः त्या काळच्या प्रचलित पद्धतींतून निवड केली होती, त्यामुळे चेननी ग्रंथातून घेतलं की गावोगावच्या आखाड्यांतून, हे पवित्रे सांगत नाहीत. छींनी समकालीन पद्धतींची नावं दिली आहेत, त्यांत ताई ची नाही. पण ते गाव आणि ती विद्या त्यांना ठाऊक नसणंही शक्य आहे.

वांग त्सोंगयुएच्या ग्रंथाची कथा अशी: वू यूश्यांगचा भाऊ वू चेंगछिंग १८५०च्या दशकात हनानमधल्या वूयांगचा दंडाधिकारी होता आणि तिथल्या मिठाच्या दुकानात त्याला हे हस्तलिखित सापडलं. मूळ प्रत कोणी दाखवलेली नाही, म्हणून वू बंधूंनीच मजकूर लिहिला असावा असा संशय आहे. तांग हाओंना बीजिंगच्या जुन्या पुस्तकांत भालाविद्येचं एक हस्तलिखित मिळालं. त्याच्या १७९५ च्या प्रस्तावनेत 'वांग साहेब' असा उल्लेख आहे. तोच वांग त्सोंगयुए, असं त्यांनी ठरवलं. पूर्ण नाव नसताना एवढा डोलारा उभा करणं धाडसाचं आहे. तांग हाओंच्याच काळातल्या शू झेन या अभ्यासकाचं मत तर उलट होतं: वांगनेच ही कला चेनांना शिकवली.

२००० नंतर बोआय तालुक्यातल्या तांगत्सुन गावच्या ली घराण्याची १७१६ ची म्हणवणारी वंशावळ चर्चेत आली. त्यात ली बंधू आणि चेन वांगतिंग हे नातेवाईक, आणि कला त्यांनी मिळून रचलेली. २०व्या शतकात पडलेल्या प्रश्नांची इतकी नेमकी उत्तरं एखादा जुना कागद देत असेल, तर आधी कागद, शाई, हस्ताक्षरं आणि तो इतकी वर्षं कोणाकडे होता हे विचारायचं. युनेस्कोच्या यादीचा (२०२०) दाखलाही पुरावा म्हणून चालत नाही. त्या नोंदीत १७वं शतक आणि वन तालुका आहे खरा, पण ती यादी वारशासाठी आहे, उगमाच्या निवाड्यासाठी नाही. आणि आपल्याकडे फिरणारा 'हे सगळं बोधिधर्माने भारतातून नेलं' हा निरोप याच रकान्यांत घाला. ज्या व्यायामग्रंथावर तो उभा आहे, त्याच्या ६२८ आणि ११४२ सालच्या म्हणवणाऱ्या प्रस्तावना बनावट आहेत आणि ग्रंथ १७व्या शतकातला.

लिहिताना क्रियापद सांभाळा. 'रचली' ऐवजी 'परंपरा मानते', 'सिद्ध आहे' ऐवजी '१६६९ च्या लेखात नोंद आहे'. माहितीपत्रकासाठी एवढं पुरे: 'ताई चीचा खात्रीने सांगता येणारा इतिहास १९व्या शतकात हनानमधल्या चेनजियागोउपासून सुरू होतो. घराण्याची परंपरा तो १७व्या शतकातल्या चेन वांगतिंगपर्यंत नेते. इतर परंपरा वूदांगच्या झांग सानफेंगला मूळपुरुष मानतात.'

भिंतीवर गुरुपरंपरेचा तक्ता लावायचा असेल, तर यांग शैलीचा प्रवर्तक यांग लूछान (१७९९–१८७२) आणि त्याचा गुरू चेन छांगशिंग (१७७१–१८५३) यांच्यातली रेघ पक्की काढा. ली यीयूने १८८१ मध्ये 'आमच्या भागातला कोणी यांग' चेनांकडे जाऊन दहाहून अधिक वर्षं शिकला, असं लिहिलं आहे. भिंतीच्या फटीतून चोरून पाहिल्याची गोष्ट तिथे नाही, ती तक्त्यावर नको. चेन छांगशिंगच्या वर तुटक रेघ. जियांग फा हे नाव आलं तर त्याच्यापुढे साल घालू नका: एका परंपरेत तो चेन वांगतिंगचा सोबती आहे, दुसरीत वांग त्सोंगयुएचा शिष्य, आणि तांग हाओंनी ठरवलेला वांगचा काळ धरला तर या दोन जागांत शंभराहून अधिक वर्षं पडतात.