या चुका टाळा: दुर्बीण माळ्यावर जाण्याआधी

मुलाच्या वाढदिवसाला पाच-सात हजारांची दुर्बीण येते, दोन रात्री गच्चीवर चढते आणि महिन्याभरात माळ्यावर जाते. ‘काहीच दिसत नाही, पीसच खराब निघाला’ म्हणत माझ्याकडे आणलेल्या दुर्बिणींपैकी खरोखर बिघडलेली एखाददुसरीच होती. बाकी बहुतेकांचा घोळ खोक्यावर छापलेल्या आकड्यापासून सुरू झाला होता.

खोक्यावर ‘५२५ पट’ असतं. हिशेब खोटा नाही: ७०० मिमी फोकल लेंथ (भिंगापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) भागिले ४ मिमीचा आयपीस (डोळा लावायचं छोटं भिंग) म्हणजे १७५ पट, त्यावर तीनपट बार्लो (पट वाढवणारी जोडनळी), झाले ५२५. पण पुढच्या भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुप्पट वर्धन, एवढंच दुर्बिणीला झेपतं. ७० मिमीला १४०. त्यापुढे चित्र मोठं होतं आणि गढूळ होतं, शिवाय गुरू-शनी मिनिटभरात नजरेबाहेर सरकतात, कारण पृथ्वी फिरायची थांबत नाही. म्हणून सुरुवात नेहमी २० मिमीच्या आयपीसने, म्हणजे ३५ पटींनी करा. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरूचे चंद्र पाहिले ते साधारण वीस पटींतून. बार्लो खोक्यातच राहू द्या.

फाइंडर रात्री जुळवायला जाऊ नका

सगळ्यात जास्त संध्याकाळी इथेच वाया जातात. मुख्य नळी एकीकडे आणि वरची छोटी दुर्बीण, म्हणजे फाइंडर, दुसरीकडे बघत असली, तर आकाशातला एक ठिपका शोधायचा म्हणजे गवताच्या गंजीतली सुई. हे काम दिवसाउजेडी, सूर्याकडे पाठ करून उरकायचं. किमान अर्धा किलोमीटर लांबची पाण्याची टाकी किंवा मोबाइल टॉवरचं टोक २० मिमीच्या आयपीसमध्ये मधोमध आणा, नळी घट्ट करा, मग फाइंडरचे स्क्रू फिरवत तेच टोक फुलीवर आणा. आता जास्त पटीचा आयपीस लावून पुन्हा तपासा. लाल ठिपक्याचा फाइंडर पेटतच नसेल तर बॅटरीखालची प्लास्टिकची पट्टी काढली आहे का बघा. गाडीतून प्रवास झाला की जुळणी ढळते, ती परत करायची.

टॉवर उलटा दिसला तर तो बिघाड नाही. आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटंच येतं. भिंगाच्या दुर्बिणीत डायगोनल (आयपीसच्या आधी लावायचा, प्रकाश वळवणारा आरशाचा तुकडा) लावला की सुलटं होतं, पण डावं-उजवं बदलतं. शनीला वर-खाली असं काही नसतं, तेव्हा सवय करून घ्या.

लक्षणावरून ओळखा

तारा मोठ्या कड्यासारखा आणि मधे काळं भोक? आरशाच्या दुर्बिणीचा फोकस चुकला आहे. ते भोक म्हणजे आतल्या छोट्या आरशाची सावली. एका सोसायटीत व्याधाचं असं कडं अख्ख्या मजल्याला ‘शनी’ म्हणून दाखवून झालं होतं! तारा जितका बारीक ठिपका होईल तितका फोकस बरोबर.

सगळंच काळपट? पुढच्या झाकणातलं छोटं बूच तेवढं काढलेलं असतं आणि मोठं झाकण तसंच असतं. अख्खं झाकण काढा. भिंगाच्या दुर्बिणीत फोकस होतच नाही? डायगोनल न लावता आयपीस थेट नळीत घातलेला असण्याची शक्यता मोठी.

चित्र थरथरतं? स्वस्त दुर्बिणीचा खरा दोष हाच, तिची तिवई. पाय पूर्ण लांबवू नका, खुर्चीवर बसून बघा, मधे पाण्याने भरलेली पिशवी टांगा आणि फोकस केल्यावर हात काढून दोन सेकंद थांबा. खिडकीच्या काचेतून बघू नका. दिवसभर तापलेली स्लॅब संध्याकाळी उष्मा सोडते, त्यामुळे सातपेक्षा दहा वाजता चित्र बरं येतं.

एक चूक मात्र दुरुस्त होत नाही. काही खोक्यांत आयपीसला लावायची काळी ‘सन फिल्टर’ काच येते. ती फेकून द्या. एकवटलेल्या उष्णतेने ती तडकते आणि डोळा कायमचा जातो.

कोजागरीचा मोह

मसाला दूध, गच्ची आणि दुर्बीण: बेत झकास, चंद्र मात्र निराश करतो. पौर्णिमेला उजेड समोरून पडतो, सावल्या नसतात, विवरं सपाट दिसतात. शुक्ल अष्टमी-नवमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर नजर लावा. दशमीच्या सुमारास ९३ किलोमीटर रुंदीचं कोपर्निकस विवर असं उठून दिसतं, की बघणारा आयपीस सोडत नाही.

उलट, वांगणीसारख्या अंधाऱ्या ठिकाणी जायचं तर अमावास्येच्या आसपास. तिथेही फोटोतले रंग शोधू नका. मृगातल्या बाणाजवळचा तेजोमेघ राखाडी दिसतो, देवयानी आकाशगंगा म्हणजे फुंकर मारल्यासारखा धब्बा. तो प्रकाश पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे, हे कळल्यावर धब्बाही पुरतो (मला तरी). वीसेक मिनिटं मोबाइल खिशात ठेवा आणि धब्ब्याकडे थेट न बघता जरा बाजूला बघा, तो उजळतो. शनीची कडी २०२५ मध्ये आपल्याला जवळजवळ धारेवर, म्हणजे बारीक रेघेसारखी दिसत होती. त्या वर्षी ज्यांनी दुर्बिणीला नावं ठेवली त्यांनी ती परत काढावी.

धूळ बसली तर शर्टाच्या टोकाने पुसू नका. रबरी ब्लोअरने फुंकर मारा, उरलेली राहू द्या. थोड्या धुळीने काही बिघडत नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, भिंगावर बुरशी येते. आयपीस घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. आणि दमटपणा जावा म्हणून नळी उघडी करून पापडासारखी उन्हात मांडू नका. भिंगातून आलेलं ऊन पडदा पेटवू शकतं.