जंताचा डीएनए काढण्याआधी शेळीचा प्रवास विचारा

बडोद्यात सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकणाऱ्या ज्या मुलांना परजीवींच्या जनुकशास्त्रात उतरायचं असतं, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची पद्धत, कुठे शिकायला मिळेल? अहो, त्यावर हात बसतो. खरी गोम वेगळी आहे. दोन गावांतल्या जंतांच्या जनुकांत फरक किती पडणार, हे तो जंत एका यजमानातून, म्हणजे ज्याच्या अंगात तो राहतो त्या प्राण्यातून, दुसऱ्यात कसा पोचतो यावर बरंचसं ठरतं.

माझं काम शेळ्यांतल्या हिमॉन्कसवर. चौथ्या पोटात राहून रक्त पिणारा जंत. पोट उघडून धुतलं की माद्या नुसत्या डोळ्यांनी ओळखू येतात: दोन-तीन सेंटिमीटर लांब, रक्तानं लाल झालेल्या आतड्याभोवती पांढरा पीळ. एक मादी दिवसाला हजारोंनी अंडी घालते. अंडी लेंड्यांतून बाहेर, अळ्या गवतावर, गवत दुसऱ्या शेळीच्या पोटात. जंत स्वतः फारसा कुठे जात नाही, शेळी जाते. भरवाडांच्या, म्हणजे गुजरातेतल्या मेंढपाळांच्या, कळपाबरोबर चालत, नाहीतर बाजारात विकली जाऊन टेम्पोतून पार दुसऱ्या जिल्ह्यात. म्हणून एकाच कळपात वैविध्य भरपूर आणि गावागावांत फरक थोडा, असं बहुधा दिसतं. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गुरं-मेंढ्यांच्या जंतांत हेच आढळलं. हरणांना कोणी ट्रकात घालून हलवत नाही. त्यांच्या जंतात मात्र अंतराप्रमाणे फरक वाढत गेला.

मलेरियाचा परजीवी फाल्सिपॅरम, त्याचं गणित निराळं. त्याचं मीलन होतं डासाच्या पोटात. आफ्रिकेत जिथे लागण भरमसाट, तिथे एकाच माणसाच्या रक्तात अनेक वाण सापडतात आणि डासात त्यांची सरमिसळ होते. दक्षिण अमेरिकेत लागण कमी. डासाला बहुधा एकच वाण मिळतो, तो स्वतःशीच जुळतो.

नमुने घेताना एका शेळीतून पन्नास जंत काढण्यापेक्षा दहा शेळ्यांतून पाच-पाच घ्या. एका पोटातले जंत भावंडं असू शकतात. ती सुटी मोजली तर फरक फुगलेला दिसतो. नमुने फॉर्मॅलिनमध्ये नको, अल्कोहोलमध्ये ठेवा. मादीचा फक्त पुढचा भाग वापरा, कारण पोटातल्या अंड्यांत नराचाही डीएनए येतो.

आणि भरवाडांशी बोला. दांडिया बाजारात वाढलेल्या आपल्या मराठी मुलांची गुजराती तिथे तोकडी पडते, पण ते सांभाळून घेतात. शेळी घरची की विकतची, कुठे चरली, जंताचं औषध कधी पाजलं, हे वहीत टिपा. नुकतंच औषध पाजलेल्या कळपाचे नमुने वेगळे ठेवा: उरलेले बरेचसे जंत औषधाला दाद न देणारे असतात. त्यांच्यात, औषधाला दाद न देण्याच्या जनुकांजवळचं वैविध्य घटलेलं दिसलं, तर ते लागणीच्या खात्यावर मांडू नका.