जुन्या ट्रॅक्टरला टिपिंग ट्रॉलीचा पाइप जोडताना
पाइप जोडण्यापूर्वी ट्रॉली पूर्ण खाली टेकवावी, इंजिन बंद करावे आणि हायड्रॉलिकचा लिव्हर पुढे-मागे हलवून तेलाचा दाब उतरवावा; दाब अडकलेला असेल, तर कितीही जोर लावला तरी कपलर, म्हणजे पाइप ट्रॅक्टरला जोडणारा जोड, नीट बसत नाही. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक यांचे तेल एकच असते, त्यामुळे ट्रॉलीकडून आलेली धूळ आणि पाणी थेट गिअरपर्यंत पोहोचते; म्हणून कपलरची दोन्ही तोंडे स्वच्छ कापडाने पुसणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तेलाची पातळी ट्रॉली उचलणारा जॅक खाली असताना तपासावी. गळती शोधण्यासाठी पुठ्ठा धरावा, हात कधीही धरू नये: बारीक छिद्रातून दाबाने उडणारे तेल कातडीत शिरते, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे लागते.