मेंदूच्या रक्तवाहिनीची भिंत एमआरआयवर नीट कशी टिपावी

कोल्हापुरात ३ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) मशीन हाताशी असेल तर तेच घ्या, १.५ वर सिग्नल अपुरा पडतो. गळ्यातला साज, जोडवी उतरवा, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनची रक्ततपासणी बघा.

आधी टाइम-ऑफ-फ्लाइट अँजिओ, म्हणजे औषध न टोचता वाहत्या रक्ताचं चित्र. अरुंद जागा कळली की त्रिमितीय टी-१ ब्लॅक-ब्लड टर्बो स्पिन एको; यात वाहतं रक्त काळं होतं आणि भिंत उठून दिसते. व्हॉक्सेल (चित्राचा सर्वांत लहान ठोकळा) तिन्ही बाजूंनी ०.५ ते ०.६ मिमी. त्याहून मोठा ठेवलात तर भिंत उगाच जाड दिसते. वेळ ७ ते १० मिनिटं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंज घट्ट बसवा आणि "मावशी, गिळायचं-खोकायचं ते आत्ताच" असं आधीच सांगा.

मग गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं काँट्रास्ट औषध), वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिमोल. पाचेक मिनिटं थांबून तोच सिक्वेन्स (स्कॅनचा प्रकार), एकही आकडा न बदलता. नाहीतर आधीचं-नंतरचं ताडणार कसं?

खरी फसगत संथ रक्ताची. अन्युरिझमच्या (धमनीला आलेल्या फुग्याच्या) पिशवीत ते पुरतं काळं होत नाही, आणि कडेचा तो पांढरा पट्टा भिंतीने काँट्रास्ट घेतल्यासारखा वाटतो. डान्टे किंवा एमएसडीई प्रीपरेशन (संथ रक्तही काळं करणारे आधीचे पल्स) असेल तर लावा. थोडा सिग्नल जातो, जाऊ द्या. धमनीला चिकटून जाणारी शीरही अशीच चकवते. अँजिओशी जुळवल्याशिवाय रिपोर्टात व्हॅस्क्युलायटिस (रक्तवाहिनीचा दाह) लिहू नका.