केबलमधला हम घालवायचाय? आधी दोन वायरींचं गणित बघा

माइकपासून मिक्सरपर्यंत लांब केबल टाकली की हम्म्म असा आवाज सुरू होतो, मग लोक महागडी केबल आणतात आणि तरी तो जात नाही, कारण बऱ्याचदा मधेच कुठेतरी लाइन अनबॅलन्स्ड झालेली असते, म्हणजे सिग्नलच्या दोन वायरींपैकी एक सरळ ग्राउंडला जोडली गेलेली असते.

बॅलन्स्ड लाइनमधे सिग्नलच्या दोन वायरी असतात, हॉट आणि कोल्ड, आणि त्यांच्यावरून शील्ड, म्हणजे नॉइज अडवणारं धातूचं वेष्टन. समजा हॉटवर +1 व्होल्ट आणि कोल्डवर −1 आहे, वाटेत दोन्हींवर सारखाच 0.2 व्होल्ट नॉइज चढला, तर दुसऱ्या टोकाला 1.2 आणि −0.8 पोचतात, पुढचं इनपुट फक्त त्यांच्यातला फरक घेतं म्हणजे पूर्ण 2 व्होल्ट, नॉइज गेला!

आता बहुतेक जण इथे चुकतात. त्यांना वाटतं उलटा सिग्नल आहे म्हणून नॉइज जातो. तसं नाहीये, नॉइज दोन्हींवर *सारखा* चढला म्हणून जातो, आणि त्यासाठी दोन्ही वायरींचा ग्राउंडशी इम्पीडन्स (करंटला होणारा विरोध) सारखा लागतो. काही आउटपुटमधे कोल्डवर सिग्नलच नसतो, ती नुसती तेवढ्याच रेझिस्टरमधून ग्राउंडला जोडलेली असते, तरी काम मस्त होतं.

वायरींना पीळ पण त्याचसाठी, कधी ही वायर नॉइजच्या जवळ तर कधी ती, म्हणजे दोन्हींवर नॉइज सारखा चढतो. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलनी 1881 मधे याचं पेटंट घेतलं होतं, आणि टेलिफोनच्या तांब्याच्या जोड्या याच जोरावर कित्येक किलोमीटर बोलणं नेतात, प्रत्येक जोडीला वेगळी शील्ड नसताना! मला तर याचं अजूनही कौतुक वाटतं.

आता जोडणी. एक्सएलआरमधे (माइकचा तीन पिनांचा गोल कनेक्टर) पिन 1 शील्ड, 2 हॉट, 3 कोल्ड. टीआरएस, म्हणजे टिप-रिंग-स्लीव्ह अशा तीन भागांच्या जॅकला टिप हॉट, रिंग कोल्ड, स्लीव्ह शील्ड. मधे एक जरी साधा दोन भागांचा जॅक आला की संपलं, कोल्ड सरळ ग्राउंडला. गिटार लांब न्यायची असेल तर गिटारजवळच डीआय बॉक्स (अनबॅलन्स्ड सिग्नल बॅलन्स्ड करणारा डबा) लावा, तिथून पुढे बॅलन्स्ड. कीबोर्डचं आउटपुट अनबॅलन्स्ड असेल आणि अंतर थोडंच असेल तर दोन कोअरची (आत दोन वायरी असलेली) शील्डवाली केबल घ्या, टिप पिन 2 ला, स्लीव्ह पिन 3 ला, आणि शील्ड मिक्सरकडे पिन 1 ला.

तरीही हम राहिला तर ग्राउंड लूप (उपकरणं एकापेक्षा जास्त वाटांनी ग्राउंडला जोडली जाऊन झालेलं वर्तुळ) असू शकतो, डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट बटण (ते शील्डची ग्राउंड जोडणी तोडतं) दाबून बघा. पण प्लगची अर्थिंगची पिन कधीच काढू नका, शॉक लागून जीव जाऊ शकतो.