छोट्या ॲनिमे मूर्तींसाठी घरच्या घरी देखावा कसा उभारावा

ॲनिमेतील, म्हणजे जपानी ॲनिमेशनपटांतील, आवडत्या पात्राची वीतभरही उंच नसलेली मूर्ती घरी येते, चार दिवस टेबलावर मिरवते आणि मग टीव्हीशेजारी रिमोट, गोळ्यांच्या पट्ट्या व किल्ल्यांचा जुडगा यांच्या गर्दीत दिसेनाशी होते. तिला स्वतःची अशी जागा नसते, हे त्याचे खरे कारण. दिवाळीत अंगणात किल्ला करताना आपण आधी दगडमाती रचतो, तट आणि पायऱ्या काढतो, अळीव पेरतो आणि मावळे कुठे उभे करायचे ते सर्वांत शेवटी ठरवतो. ॲनिमे मूर्तींचा संग्रह करणाऱ्यानेही हाच क्रम पाळावा. आधी देखावा ठरवावा आणि मग त्यात शोभेल ती मूर्ती घ्यावी. माझ्याकडे पहिली तीन वर्षे नेमके उलटे घडले आणि कपाट भरले तरी देखावा एकही झाला नाही.

प्रमाण ठरवणे

बाजारात तीन-चार प्रकारच्या मूर्ती मिळतात. बंडाई ही जपानी कंपनी १९७७ पासून नाणे टाकून खेळणे भरलेली प्लास्टिकची कॅप्सूल काढण्याच्या यंत्रांच्या व्यवसायात आहे. अशा कॅप्सूलमधील मूर्ती मुठीत मावतात आणि बहुधा दोन-तीन तुकडे जोडून उभ्या कराव्या लागतात. २००६ पासून निघणाऱ्या नेंडोरॉइड मालिकेतील मूर्ती सुमारे १० सेंटीमीटर उंच, मोठ्या डोक्याच्या आणि चेहरे बदलता येणाऱ्या असतात. फिग्मा प्रकारात सांधे हलतात आणि उंची साधारण १४ सेंटीमीटर भरते. यांखेरीज फ्रेममधून सुटे भाग कापून जोडायचे यंत्रमानवांचे प्लास्टिक किट असतात, ज्यांचे सर्वांत रुळलेले प्रमाण १:१४४ आहे.

प्रमाण म्हणजे साधा भागाकार. १६५ सेंटीमीटर उंचीच्या माणसाला १२ ने भागले की पावणेचौदा सेंटीमीटर येतात, म्हणून फिग्मासाठी सारे सामान १:१२ मध्ये करावे. जपानी घरातील तातामी चटई साधारण ९० बाय १८० सेंटीमीटर असते. १:१२ मध्ये ती साडेसात बाय १५ होते. सहा चटयांची खोली २२.५ बाय ३० सेंटीमीटरच्या फळीवर बसते, म्हणजे पुस्तकांच्या कपाटाचा अर्धा कप्पा पुरतो. चटया मांडताना चार कोपरे एका बिंदूत येऊ देऊ नयेत, कारण जपानी घरांत तशी मांडणी अशुभ मानतात आणि जाणकाराची नजर आधी तिथेच जाते. नेंडोरॉइडसारख्या मोठ्या डोक्याच्या मूर्तींना मात्र हा भागाकार लागू पडत नाही. तिथे मूर्तीच्या गुडघ्याची उंची मोजावी आणि बाक किंवा पायरी तेवढीच करावी. दार मात्र डोक्याच्या रुंदीच्या दीडपट ठेवावे, नाहीतर या बाई घरात शिरणार कशा, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो.

खरेदी

खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले होते, त्यामुळे परदेशातून थेट मागवण्यापूर्वी त्या वेळचा दर पाहून एकूण हिशेब करावा. अस्सल मूर्तीच्या खोक्यावर उत्पादकाचे आणि हक्कधारकाचे नाव स्वच्छ छापलेले असते. नक्कल ओळखायची तर डोळे आणि केसांची कड पाहावी. रंग रेषेबाहेर गेलेला असेल, जोड उघडे दिसत असतील आणि खोके उघडताच रॉकेलसारखा उग्र वास आला, तर किंमत कितीही कमी असली तरी वस्तू परत करावी.

सुटे भाग जोडणे

किटचे भाग साच्यातून सुटावेत म्हणून वापरलेल्या द्रव्याचा अंश त्यांवर राहू शकतो आणि त्यावर रंग धरत नाही. म्हणून फ्रेमसकट सारे भाग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून धुवावेत आणि पंख्याखाली वाळवावेत. भाग कापताना एकाच घावात काम उरकू नये. साइड कटरने पहिला काप भागापासून दोन-तीन मिलिमीटर दूर घ्यावा, दुसरा जवळून घ्यावा आणि उरलेला कोंब ४०० नंबरच्या, मग ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावा. पहिलाच काप जवळून घेतला तर प्लास्टिकवर पांढरा डाग पडतो, आणि गडद रंगाच्या भागावरचा तो डाग घासून सहसा जात नाही. भाग आधी गोंदाशिवाय जोडून पाहावेत. खिडकीच्या काचेसारखे पारदर्शक भाग फेविक्विकने चिकटवू नयेत, कारण त्याच्या वाफेने काच धुरकटते. तिथे पांढरे फेविकॉल टोकदार काडीने लावावे, ते वाळल्यावर पारदर्शक होते.

जमीन

माझ्या मते देखावा बिघडतो तो इथेच आणि जिंकतो तोही इथेच. पाया म्हणून पाच मिलिमीटर जाडीचा सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका ताठ बोर्ड, घ्यावा. चढउतार थर्माकोलचे करता येतात. मात्र त्यावर स्प्रे रंग थेट मारू नये, कारण त्यातील द्रावक थर्माकोल खाऊन टाकतो. मी एकदा संध्याकाळी केलेली टेकडी सकाळी पाहिली, तेव्हा तिथे मधमाश्यांचे पोळे असल्यासारखी भोके पडली होती. आधी फेविकॉलमध्ये पाणी मिसळून टिश्यू पेपरचे दोन थर द्यावेत, ते कडक झाले की वरून काहीही रंगवावे.

मातीसाठी वापरलेली चहाची पावडर उत्तम. साखर-दूध घातलेल्या चहाचा चोथा तसाच वापरला तर मुंग्या येतात आणि बुरशीही धरते, म्हणून तो तीन-चार वेळा धुवून, एकदा उकळून, कागदावर पसरून कडकडीत वाळवावा. सोलापूरच्या एप्रिलच्या उन्हात हे काम एका दुपारी होते. मग जमिनीवर फेविकॉल पसरून चाळणीने ही पावडर भुरभुरावी आणि जादा झटकून टाकावी.

गवतासाठी बाहेरून महाग पाकिटे मागवण्याची आपल्याला गरज नाही. भौगोलिक मानांकन मिळालेला सोलापुरी टॉवेल प्रत्येक घरात असतो आणि तो जुना झाला की फरशी पुसण्याआधी त्याचा एक कोपरा या कामी येतो. टॉवेलचा तुकडा तळव्याएवढा कापून फेविकॉलने पायावर घट्ट बसवावा, वाळला की टोकदार कात्रीने त्यावरचे फासे वरच्या वर कापावेत, म्हणजे धागे मोकळे होऊन उभे राहतात. आता पातळ हिरवा ॲक्रिलिक रंग ब्रशने ठोकत, धाग्यांच्या बुडाशी उतरेल असा द्यावा. शेंड्यांना अगदी कोरड्या ब्रशने पिवळसर रंग नुसता चाटवावा. सगळीकडे एकच हिरवा दिला तर गवताऐवजी टॉवेलच दिसतो. प्रमाणाचे भान इथेही ठेवावे: चार मिलिमीटरचा धागा १:१२ मध्ये पाच सेंटीमीटरचे गवत ठरतो, पण १:१४४ मध्ये तोच सुमारे ५८ सेंटीमीटर, म्हणजे मांडीपर्यंत येणारे रान होतो. यंत्रमानवाच्या देखाव्यासाठी तो कापून एक मिलिमीटरवर आणावा.

झाडासाठी वाळलेल्या तुळशीची फांदी घ्यावी. तिचे फाटे आपोआपच झाडासारखे असतात. साकुरा, म्हणजे जपानी चेरी, फुलवायचा असल्यास फिक्या गुलाबी टिश्यूचे बारीक तुकडे करून फांद्यांना चिकटवावेत आणि मूठभर तुकडे झाडाखालीही टाकावेत, कारण पाकळ्या गळलेल्या नसतील तर तो वसंत वाटत नाही.

ओढा किंवा तळे करायचे असल्यास पारदर्शक रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारे द्रव प्लास्टिक, तीन-चार मिलिमीटरच्या थरांनी ओतावे. ते घट्ट होताना स्वतःच तापते, आणि उन्हाळ्यात हे काम इतके भरभर घडते की भांड्यातच घट्ट होण्याची भीती असते. म्हणून ते पहाटे, खिडक्या उघड्या ठेवून आणि हातमोजे घालून करावे. मॅट वार्निशचा स्प्रे मात्र पावसाळ्यात दमट दिवशी मारू नये. पांढरी धुरकट साय येते.

मूर्ती उभी करणे आणि राखणे

मूर्तीच्या तळव्यात भोक असल्यास त्यात बारीक तार बसवून ती पायाच्या सनबोर्डात रोवावी. भोक नसल्यास गोंदाऐवजी पुन्हा काढता येणारी चिकटमाती वापरावी. मूर्ती बरोबर मध्यभागी ठेवू नये. ती एका बाजूला, ओढ्याकडे किंवा दाराकडे पाहत ठेवली, की तिच्यासमोरची मोकळी जागाही बोलू लागते.

या मूर्ती बहुतांशी पीव्हीसीच्या असतात आणि पीव्हीसीला उष्णता सोसत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३ अंशांच्या पुढे जातो, आणि पश्चिमेच्या खिडकीतील बंद कपाटात त्याहून अधिक तापते. माझी तलवार उपसलेली एक मूर्ती अशाच कपाटात महिनाभरात घोट्यापासून पुढे झुकली आणि लोटांगण घालायच्या बेतात आली. असे झाल्यास पाय सुमारे ७० अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरून हळूच सरळ करावेत आणि लगेच थंड पाण्यात बुडवावेत. उकळते पाणी वापरू नये, रंग सुटतो. अंगाला चिकटपणा आला असल्यास तो प्लास्टिक मऊ ठेवणाऱ्या द्रव्याचा पाझर असतो. साबणाच्या कोमट पाण्याने तो जातो, पण बंद खोक्यात मूर्ती ठेवल्यास पुन्हा येतो, म्हणून पेटीला मागून हवेसाठी दोन बारीक भोके ठेवावीत.

भोकांना पातळ मलमल लावावी, कारण धूळ इथे दुसरी वैरीण आहे. यंत्रमागाच्या वस्तीत राहणाऱ्यांना सुताची लव ठाऊक असेलच. ती टॉवेलच्या गवतात अडकली की चिमट्याने एकेक उपसावी लागते. ॲक्रिलिकची पेटी तीन बाजूंनी बंद आणि पुढून सरकणारी करून घ्यावी, आत पाच व्होल्टची एलईडी पट्टी वरच्या पुढच्या कडेला लावावी म्हणजे सावली मागे पडते, आणि महिन्यातून एकदा रंगाच्या मऊ, कोरड्या ब्रशने धूळ वरून खाली झटकावी. पेटी ठेवण्यासाठी घरातील उत्तरेची भिंत निवडावी. आमच्या घरी त्या भिंतीवर आधीपासून कॅलेंडर होते, ते आता स्वयंपाकघरात गेले आहे.